पायाच्या व्हेरिकोज व्हेन्सचे ऑपरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटरीवर दोरीसारख्या फुगलेल्या शिरा दिसतात. तेवढ्या कापून काढल्या की झाले ना?

नाही. दिसते ती शीर बहुधा आजाराचे शेवटचे टोक असते, मूळ वर असते. पायातले रक्त वर चढते ते पोटरीचे स्नायू चालताना शिरा पिळतात म्हणून. चढलेले रक्त खाली घसरू नये यासाठी शिरांमध्ये ठिकठिकाणी पातळ पडद्यांच्या झडपा असतात. घोट्यापासून मांडीच्या आतल्या बाजूने वर जाणारी ग्रेट सॅफेनस ही शीर जांघेत खोल शिरेला मिळते. तिथली झडप निकामी झाली की माणूस उभा राहताच रक्त उलटे खाली येते आणि वाटेतल्या बारीक फांद्या फुगवत जाते. त्या फांद्या म्हणजेच तुम्हाला दिसणाऱ्या गाठी.

स्थिर उभे असताना घोट्यापाशी शिरेतला दाब ८० ते ९० मिमी पारा असतो. निरोगी पायात चार पावले टाकली की तो ३० च्या खाली येतो. झडपा गळत असतील तर चालूनही दाब नीट उतरत नाही. वर्षानुवर्षे हा दाब सोसून घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी आधी काळवंडते, मग कडक होते आणि शेवटी फुटते. म्हणून आधी गळती कुठून सुरू होते ते शोधायचे, ती बंद करायची आणि मग गाठींकडे वळायचे. वरची गळती तशीच ठेवून फक्त गाठी काढल्या तर शेजारच्या फांद्या फुगू लागतात आणि रुग्णाला वाटते ऑपरेशन फसले.

ऑपरेशन कोणाला लागते?

मांडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल-जांभळ्या बारीक रेषा असतील आणि मोठ्या शिरांत गळती नसेल, तर ऑपरेशनची गरज नाही. त्या नको असतील तर बारीक सुईच्या इंजेक्शनने घालवता येतात, पण तो दिसण्याचा प्रश्न झाला.

संध्याकाळी पाय भरून येतो, जड होतो, घोट्याभोवती सूज चढते आणि रात्री पाय उशीवर ठेवले की सकाळी उतरते, शिरांवर खाज सुटते, अशी लक्षणे असतील आणि डॉपलरमध्ये (शिरेतले रक्त कोणत्या दिशेने वाहते ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) गळती सापडली असेल, तर उपचाराचा विचार करावा. कातडीचा रंग बदललेला असेल, एक्झिमा झाला असेल, शिरेतून रक्त गेले असेल किंवा जखम झाली असेल, तर थांबण्यात नुकसान आहे. वाहतूक पोलीस, बस कंडक्टर, केस कापणारे, भट्टीपुढे उभे राहणारे स्वयंपाकी यांच्या पायांत ही लक्षणे लवकर वाढतात, कारण त्यांना बसायला मिळत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. पाय दुखतो आणि पायावर शिराही आहेत, एवढ्यावरून शिरांमुळेच दुखते असे ठरत नाही. कमरेतून पायाच्या बोटापर्यंत कळ जात असेल, पहिली चार पावले टाकतानाच गुडघा दुखत असेल, किंवा ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी आवळून थांबावे लागत असेल, तर कारण मणका, गुडघा किंवा धमनी असू शकते. अशा दुखण्यासाठी शिरांचे ऑपरेशन करून घेतले तर शिरा जातील, दुखणे राहील.

घोट्याजवळची जखम दोन वर्षे ड्रेसिंग करूनही भरत नाही. आधी ती भरू द्यायची आणि मग ऑपरेशन, असे सांगितले आहे.

हा सल्ला आता जुना झाला. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या एव्हरा नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना दाबाची पट्टी होतीच. ज्यांच्या शिरेची गळती लगेच बंद केली त्यांच्यातल्या निम्म्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. ज्यांना आधी फक्त पट्टी दिली त्यांना ८२ दिवस लागले. मलम बदलून, अँटिबायोटिक बदलून माणसे वर्षे काढतात, तरी डॉपलर झालेला नसतो. घोट्याच्या आतल्या बाजूला जखम असेल आणि दोन आठवड्यांत भरत नसेल, तर शिरांचा डॉपलर आणि पायाच्या धमन्यांची तपासणी करून घ्या. धमन्यांची तपासणी यासाठी, की घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारा आकडा ०.८ च्या खाली असेल तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घट्ट पट्टी बांधायची नसते. मधुमेह असणाऱ्यांनी आणि तंबाखू-विडी ओढणाऱ्यांनी हे विसरू नये.

आंघोळ करताना शीर फुटली आणि रक्ताची चिळकांडी उडाली तर?

खाली आडवे व्हा. पाय उचलून खुर्चीवर किंवा भिंतीला टेकवा, म्हणजे तो हृदयापेक्षा वर राहील. स्वच्छ कापडाची घडी करून बोटाने त्या नेमक्या जागी दाबा आणि दहा मिनिटे मध्ये उचलून न बघता दाबून धरा. मग त्यावर पट्टी बांधून रुग्णालय गाठा. सर्वांत मोठी चूक म्हणजे घाबरून उभे राहणे किंवा खुर्चीवर पाय लोंबते ठेवून बसणे, त्याने शिरेतला दाब वाढून रक्त वाहतच राहते. मांडीला दोरी बांधण्यानेही रक्तस्राव वाढू शकतो. कातडी पातळ होऊन निळा फुगा वर आलेला असेल, तर तिथूनच रक्त जाते. एकदा गेले की पुन्हा जाण्याची भीती असते, म्हणून उपचार लांबवू नयेत.

डॉपलर कसा झाला पाहिजे?

उभे राहून. हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, पण सगळा बेत यावर उभा आहे. झोपवून केलेल्या तपासणीत खोल शिरेतली गुठळी दिसते, गळती मात्र निसटते. रुग्णाने वजन दुसऱ्या पायावर द्यायचे, तपासायचा पाय सैल सोडून किंचित बाहेर वळवायचा. तपासणारा पोटरी दाबतो आणि सोडतो. सोडल्यावर रक्त अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटे वाहिले तर ती गळती.

रिपोर्टमध्ये फक्त ‘व्हेरिकोज व्हेन्स आहेत’ एवढेच लिहिलेले असेल तर तो अपुरा आहे. जांघेतला आणि गुडघ्यामागचा सांधा (कातडीखालची शीर खोल शिरेला मिळते ती जागा) गळतो का, मुख्य शिरेचा व्यास किती, ती कुठून कुठपर्यंत सरळ आहे, कातडीपासून किती खोल आहे, कोणत्या आडव्या जोडशिरा गळतात, आणि खोल शिरा मोकळ्या आहेत का, हे सगळे त्यात हवे. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. जुन्या गुठळीने खोल शीर बंद झालेली असेल तर कातडीखालच्या शिरा हाच रक्ताचा पर्यायी रस्ता असू शकतो आणि तो बंद करणे घातक ठरेल. फक्त डावा पाय मांडीपर्यंत सुजत असेल, तर पोटातल्या शिरेवर दाब आहे का हेही पाहावे लागते.

लेसरमध्ये नेमके काय करतात?

गळकी मुख्य शीर उष्णतेने आतून बंद करतात. आधी उभे करून मार्करने गाठी आखतात, कारण आडवे झाल्यावर त्या रिकाम्या होऊन दिसेनाशा होतात. मार्करची शाई न पुसली जाणारी हवी, नाहीतर निर्जंतुकीकरणाच्या द्रावणाबरोबर आखणी धुऊन जाते.

मग सोनोग्राफी बघत, साधारण गुडघ्याजवळ, सुईने मुख्य शिरेत शिरतात. सुईतून तार, तारेवरून बारीक नळी आणि नळीतून लेसरचा फायबर वर सरकवतात. फायबरचे टोक जांघेतल्या सांध्यापासून साधारण २ सेमी खाली थांबवायचे. सांध्याच्या फार जवळ गेले तर खोल शिरेला धोका, फार खाली राहिले तर वरचा लांब तुकडा गळता राहतो.

पुढचा टप्पा सर्वांत वेळखाऊ आणि काम बिघडण्याची खरी जागा. शिरेभोवतीच्या आवरणात पातळ भुलीचे पाणी भरायचे: १ टक्का लिग्नोकेन दहापट पातळ केलेले, सोबत ॲड्रेनलिन, बहुधा सोडाबायकार्बही. शिरेच्या दर सेंटिमीटरला साधारण १० मिली, म्हणजे ४० सेमी शिरेला ४०० मिलीच्या आसपास. सोनोग्राफीच्या पडद्यावर शिरेभोवती काळे कडे दिसते आणि मधली शीर फायबरवर चिकटते. हे पाणी तीन कामे करते: दुखणे बंद, शीर दबून फायबरला लागते, आणि उष्णता कातडी व नसेपर्यंत (मज्जातंतूपर्यंत) पोचत नाही. कातडी आणि शीर यांच्यात किमान १ सेमी अंतर पाणी भरूनच तयार करतात. यात घाई केली की कातडी भाजणे, पाय बधिर होणे, किंवा शीर अर्धवट बंद होणे हे पुढे येते.

त्यानंतर टेबल डोक्याकडून खाली झुकवतात, सगळ्यांनी चष्मे लावायचे आणि फायबर सावकाश मागे ओढायचा. १४७० नॅनोमीटरच्या लेसरला दर सेंटिमीटरला साधारण ५० ते ८० ज्यूल ऊर्जा देतात. ८ वॅटवर ठेवून १ सेमी ओढायला ८ सेकंद घेतले की ६४ ज्यूल होतात, असा हिशेब. फार भराभर ओढले तर शीर पुन्हा उघडते, फार रेंगाळले तर आजूबाजूचा भाग भाजतो.

शेवटी पोटरीवरच्या आखलेल्या गाठी २–३ मिमीच्या छेदांतून आकड्याने बाहेर ओढून काढतात. एवढ्या छेदांना बहुधा टाका लागत नाही, चिकटपट्टी पुरते.

रेडिओफ्रिक्वेन्सी आणि लेसर यांत चांगले कोणते?

दोन्हीही शिरेला आतून उष्णतेनेच बंद करतात. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या नेहमीच्या कॅथेटरचे तापणारे टोक ७ सेमी लांब असते, १२० अंश सेल्सिअसला २० सेकंद तापते, मग पुढचा तुकडा. सांध्याजवळ दोन फेऱ्या. ओढण्याचा वेग हातावर अवलंबून नसतो, म्हणून एकसारखेपणा जास्त. लेसर वाकड्या शिरेत किंवा आखूड तुकड्यात सोयीचा आणि फायबर स्वस्त. शीर बंद राहण्यात मोठा फरक नाही. कोणते मशीन आहे यापेक्षा डॉक्टर सोनोग्राफी स्वतः करतात का, हे विचारा.

कापून शीर ओढून काढण्याचे जुने ऑपरेशन आता कोणी करत नाही का?

करतात, आणि योग्य रुग्णात ते आजही चांगले आहे. फ्रिडरिख ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९० च्या सुमारास मांडीतली शीर बांधण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि बॅबकॉक यांनी १९०७ मध्ये आतून तार घालून शीर काढण्याची पद्धत दाखवली, त्यावरच आजचे ऑपरेशन उभे आहे. जांघेच्या घडीत ३ ते ४ सेमीचा छेद, सांध्याला मिळणाऱ्या सगळ्या फांद्या एकेक बांधायच्या, मुख्य शीर खोल शिरेलगत बांधून तोडायची, आणि तार घालून ती आतून उलटी करत गुडघ्याच्या जरा खालपर्यंत काढायची. त्याखाली शक्यतो जात नाहीत, कारण पोटरीत सॅफेनस नस शिरेला चिकटून असते आणि ओढाताणीत घोट्याची आतली बाजू बधिर होते.

शीर फार वाकडीतिकडी असेल, कातडीलगत असेल, किंवा आत जुनी गुठळी असल्याने फायबर वर जातच नसेल, तर हा मार्ग. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१३ मध्ये क्रम असा दिला: आधी उष्णतेने बंद करणे, ते जमण्यासारखे नसेल तर फोमचे (फेसाळ औषधाचे) इंजेक्शन, तेही नसेल तर शस्त्रक्रिया. पण आपल्याकडे मशीन नसलेल्या तालुक्याच्या गावात नीट केलेली शस्त्रक्रिया ही ‘दुय्यम दर्जाची’ नाही.

फोमचे इंजेक्शन घेतले तर ऑपरेशन टळेल का?

काही जणांचे टळते. पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध एक भाग आणि हवा चार भाग, दोन सिरिंजांमध्ये तीन तोंडी नळ लावून वीसएक वेळा इकडून तिकडे ढकलले की पांढरा फेस होतो. तो शिरेत सोडला की रक्त बाजूला सारून भिंतीला लागतो. एका बैठकीत साधारण १० मिलीपेक्षा जास्त देत नाहीत.

भूल लागत नाही, खर्च कमी, आणि वयस्कर माणसाच्या जखमेभोवतीच्या शिरांना हा मोठा आधार आहे. पण रुंद मुख्य शिरेत फोम कमी टिकतो. ब्रिटनमध्ये ७९८ रुग्णांच्या तुलनेत पाच वर्षांनी फोम घेतलेल्यांचे पायांचे आरोग्य लेसर आणि शस्त्रक्रियावाल्यांपेक्षा कमी चांगले निघाले. कातडीवर तपकिरी डाग काही महिने राहू शकतात. काहींना थोडा वेळ डोळ्यांपुढे चकाकी येते किंवा डोके दुखते. अर्धशिशी असेल, हृदयात जन्मजात छिद्र असेल तर आधीच सांगा.

आणि ग्लू?

सायनोॲक्रिलेट गोंदाने शीर चिकटवतात. भोवती पाणी भरावे लागत नाही, उष्णता नाही, नंतर दाबाच्या मोज्यांचा आग्रह नाही. पण महाग आहे, गोंद शरीरात कायमचा राहतो, आणि काही जणांच्या मांडीवर आठवड्याभराने लाल, खाजरी, दुखरी पट्टी उठते. नखांचे किंवा पापण्यांचे गोंद लावून कधी ॲलर्जी झाली असेल तर ही पद्धत टाळावी.

शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार?

पायातले बहुतेक रक्त खोल शिरांतूनच वर जाते. गळकी शीर ते वर नेत नव्हतीच, उलटे खाली आणत होती. ती बंद झाली की पायाचे काम हलके होते. हृदयाच्या बायपाससाठी हीच शीर वापरतात हे खरे, म्हणून निरोगी सॅफेनस विनाकारण काढू नये. फुगलेली, गळकी शीर मात्र तशीही बायपासला चांगली नसते.

भूल कोणती, घरी कधी?

लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी स्थानिक भुलीत होते, कधी सोबत गुंगीचे औषध. एका पायाला साधारण तासभर. टेबलावरून उतरून लगेच १५ ते ३० मिनिटे चालायचे, हा उपचाराचाच भाग. त्याच दिवशी घरी, पण स्वतः गाडी चालवून नाही. शस्त्रक्रियेला कमरेत सुई किंवा पूर्ण भूल, आणि बहुधा एक रात्र.

नंतर काय काळजी घ्यायची?

पट्टीवरून हलके रक्त येणे चालते. दिवसातून तीन-चार वेळा चाला, बसलात की पाय वर ठेवा, एका जागी उभे राहू नका. लेसरनंतर चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान मांडीच्या आतल्या बाजूला दोरी ताणल्यासारखे वाटते. बंद शीर आकसत असते, घाबरायचे कारण नाही. साधी पॅरासिटामॉल पुरते. पोटरीत कडक गाठ राहिली तर ते साचलेले रक्त असते, दोन-तीन आठवड्यांनी सुईने काढता येते.

मोजे किती दिवस घालायचे यात डॉक्टरांची मते वेगळी आहेत. नाइसने सात दिवसांपेक्षा जास्त नको म्हटले आहे. जखम किंवा सूज असेल तर प्रश्न वेगळा. मोजे घ्यायचे तर माप सकाळी, सूज नसताना: घोट्याचा सर्वांत बारीक आणि पोटरीचा सर्वांत जाड घेर. दुकानात ‘मीडियम द्या’ म्हणून आणलेला मोजा एकतर गळून पडतो नाहीतर गुडघ्याखाली दोरीसारखा रुततो. घालताना मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आधी बसवा, मग रबरी हातमोजे घालून वर सरकवा. वरची कड ओढायची नाही. उन्हाळ्यात मांडीपर्यंतचा मोजा घामाने सरकतो, म्हणून बहुतेकांना गुडघ्याखालचाच पुरतो.

टेबलावरचे काम तीन-चार दिवसांत, उभ्याचे किंवा ओझ्याचे काम दोन आठवड्यांनी. लांबचा विमानप्रवास चार आठवडे टाळा, रातराणीने जायचेच असेल तर वाटेत उतरून चाला.

काय बिघडू शकते?

घोट्याजवळ किंवा पोटरीत बधिरपणा, हा बहुधा काही महिन्यांत कमी होतो, क्वचित राहतो. गुडघ्यामागच्या छोट्या सॅफेनस शिरेजवळ सूरल नस असते, तिथे जास्त सांभाळावे लागते. जांघेच्या छेदाला संसर्ग होऊ शकतो. बंद केलेल्या शिरेतली गुठळी सांध्यातून खोल शिरेत डोकावू शकते, म्हणून पहिल्या आठवड्याभरात एकदा डॉपलर करतात.

पोटरी एकाएकी सुजून टणक झाली, चालताना फार दुखू लागली, तर त्याच दिवशी दाखवा. दम लागला, छातीत दुखले, रक्ताची थुंकी आली, तर वाट न बघता मोठे रुग्णालय गाठा.

गरोदरपणात करावे का? गोळ्या बंद करायच्या का?

गरोदरपणात शिरा फुगतात आणि बाळंतपणानंतर बऱ्याच आपोआप कमी होतात. तोवर मोजे वापरा. निर्णय साधारण सहा महिन्यांनी. गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या, आधी झालेली गुठळी, घरात कोणाला झालेली गुठळी, हे सगळे सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून थांबवू नका. लेसर ती चालू ठेवूनही बऱ्याचदा करता येतो.

मेडिक्लेम मिळतो का?

बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्स ठरावीक आजारांच्या यादीत असतात आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असतो. डे-केअर उपचार मान्य आहे का, फायबर-कॅथेटरची किंमत धरतात का, हे लेखी विचारा. महात्मा जोतिराव फुले योजनेत उपचार बसतो का, ते संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्या. ‘सौंदर्यासाठी’ असा शेरा मारून दावा नाकारला जाऊ नये, यासाठी कागदावर लक्षणे, कातडीतले बदल आणि डॉपलरमधली गळती स्पष्ट लिहिलेली हवी. जखम असेल तर तिचा तारखेसह फोटो जोडा.

पुन्हा होतात का?

होऊ शकतात. कारणे तीन: पहिल्यांदा गळतीचा एखादा स्रोत सुटला, बंद केलेली शीर उघडली, किंवा आजार पुढे सरकून नव्या शिरेची झडप गेली. कापून केलेल्या ऑपरेशननंतर जांघेत बारीक नव्या शिरांचे जाळेही तयार होते. दुसऱ्यांदा उपचार बहुधा लेसर किंवा फोमने होतो. जांघ पुन्हा उघडणे अवघड असते, कारण जुन्या व्रणात सगळे चिकटलेले असते. त्या वेळी डॉक्टरांना आधी काय केले हे कळायला हवे. म्हणून पहिला डॉपलर रिपोर्ट, ऑपरेशनच्या नोंदी आणि नंतरचा डॉपलर, हे तीन कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा आणि त्यांचा फोटो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनमध्येही असू द्या.